चौथं उत्तर

त्याला सगळे थांब्या म्हणायचे. पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही, कारण नाव पडलं होतं ते त्याच्याच तोंडच्या शब्दावरून. पाहुण्यांना नदीतून नेणारी रबरी राफ्ट एखाद्या खळाळाजवळ आली की हा हात वर करायचा, "थांबा!" मग राफ्ट काठाला, पाहुणे खाली, आणि हा एकटा खडकांवरून पुढे जाऊन पाणी बघत उभा. पाहुणे कंटाळायचे. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "अहो, नदी काय पळून चालली आहे का?" थांब्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, "दुसरं काय करते ती?"

असा हा माणूस. उंचीनं बेताचा, चालीनं फेंगडा, नाकाची सालटी उन्हानं कायमची निघालेली. बोलणं मोजकं, आणि त्यातलं निम्मं तरी "नको". उभा जन्म त्या डोंगरी नदीवर काढला आणि एकही पाहुणा गमावला नाही. पण कुणी तसं कौतुकानं बोलून दाखवलं की हा खेकसायचा, "तोंड आवर. पाणी ऐकतंय."

मग एक गुडघा कामातून गेला. राफ्टमध्ये गाईड बसतो मागच्या काठावर, पाय आत अडकवून, आणि सगळा भार गुडघ्यावर. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. थांब्यानं मागची जागा सोडली आणि ती पुतणीला दिली.

ही पुतणी म्हणजे थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. भाऊ आणि वहिनी पाठोपाठ गेले, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. थांब्याला आणि काकूला स्वतःचं मूल नव्हतं. तिला घरी आणली आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून काकूनं तिचं नाव भिंगरी ठेवलं. ती मोठी झाली, हातात वल्हं आलं, नाव मात्र तेच राहिलं.

त्यांची शेड घराला लागूनच होती. आत शिरलं की आधी रबराचा आणि डिंकाचा वास, मग उलट्या टाकलेल्या राफ्टा, त्यांच्यावरची ठिगळं, हवेचा पंप, आणि भिंतीवर खिळ्यांना ओळीनं टांगलेली लाइफ जॅकेटं. जॅकेटांची उसवलेली शिवण काकू घालायची. सुई चालायची आणि तोंडही चालायचं. स्वयंपाकघराचं दार शेडमध्येच उघडायचं, त्यामुळे तिथं काय शिजतंय ते राफ्टांनाही कळायचं.

आता शिट्टीचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या शिट्टीवर आहे. खळाळात माणसानं कितीही बोंब मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून प्रत्येक गाईडच्या जॅकेटला शिट्टी असते. तीन वेळा वाजली म्हणजे कुणीतरी संकटात आहे. ज्यानं ऐकलं त्यानं एक लांब शिट्टी देऊन उत्तर द्यायचं. आणि उत्तर दिलं की जायचंच, मग वाटेत काहीही असो. जाता येणार नसेल तर उत्तर देऊ नये. कारण पाण्यातला माणूस ते उत्तर ऐकतो आणि त्याच्या भरवशावर जीव धरून राहतो. उत्तर देऊन न जाणं हे त्या लोकांत सगळ्यात मोठं पाप. आणि हाक आलीच नाही तर उगाच उत्तर देणं, हा मूर्खपणा.

थांब्याची जुनी शिट्टी पितळेची होती. कधीतरी खडकावर आपटून तिला पोचा आला होता, तेव्हापासून तिचा आवाज घसा बसलेल्या कोंबड्यासारखा फाटका यायचा. भिंगरी गाईड झाली त्या दिवशी त्यानं ती तिच्या जॅकेटच्या खांद्याला स्वतःच्या हातानं बांधली. स्वतःसाठी एक नारिंगी प्लॅस्टिकची आणली. तिचा आवाज असा बारीक आणि टोचरा की काकू म्हणायची, "ती घरात वाजवाल तर जेवायला मिळणार नाही."

भिंगरीच्या मनात बरीच वर्षं एकच गोष्ट होती. नदीच्या वरच्या अंगाला एक घळ होती, तिला हे लोक घसा म्हणायचे. दोन्हीकडे उभे कडे, मध्ये पाणी आवळून चाललेलं, आणि तळाशी, वळणावर, एक भलामोठा खडक. पाणी त्या खडकावर आपटत नसे, त्याच्या पोटाखाली शिरत असे. वरून बघावं तर घराच्या पडवीसारखं छप्पर पुढे आलेलं, म्हणून त्याचं नाव पडवी. थांब्यानं घशातून पाहुणे कधीच नेले नव्हते. भिंगरीला न्यायचे होते. पोहणारे, वल्हं मारणारे, तयारीचे सहा जण तिनं गाठले, तारीख ठरवली, आणि काकापुढे येऊन बसली.

"बेत तुम्ही आखायचा," ती म्हणाली. "कुठं थांबायचं, कुठून काढायचं, दोर घेऊन कोण कुठं उभं राहणार, सगळं. तुम्ही म्हणाल तसं. फक्त नको म्हणू नका."

थांब्याची बेत आखायची रीत ठरलेली होती. नवी वाट असली की ती तीनदा बघायची. एकदा पाणी उतरलेलं असताना, एकदा मध्यम असताना, एकदा चढलेलं असताना. "दगड बघायचे पाणी उतरल्यावर, आणि पाणी बघायचं दगड बुडाल्यावर," असं तो म्हणायचा. गुडघ्याला पट्टा बांधून तो पहिल्यांदा एकटाच घशात उतरला.

उन्हं वर आलेली होती. पाणी इतकं उतरलं होतं की पडवीच्या पोटाखालचा अंधार उघडा पडला होता. थांब्या खडकाच्या माथ्यावर उभा राहून कुठल्या दगडाला किती बगल द्यायची ते बघत होता. आणि शिट्टी वाजली. तीनदा.

हयातभराची सवय. डोक्यानं विचार करायच्या आधी हातानं नारिंगी शिट्टी तोंडाशी नेली आणि एक लांब उत्तर देऊन टाकलं. मग तो लंगडत खाली उतरला, वाकून पडवीखाली बघितलं, पुढच्या वळणापर्यंत गेला. कुणी नव्हतं. ओल्या वाळूवर पाऊलसुद्धा नव्हतं. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तो आवाज फाटका होता.

घरी येऊन तो सरळ शेडमध्ये गेला. भिंगरी राफ्टला ठिगळ लावत बसली होती, कोपरापर्यंत डिंक. तिचं जॅकेट खिळ्याला, शिट्टी जॅकेटला.

"तू कुठं गेली होतीस का ग?"

"ह्या हातांनी? का हो?"

"काही नाही," थांब्या म्हणाला. पण त्याच्या अंगावर काटा आला होता आणि तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या खेपेला त्यानं मुद्दाम तिला बरोबर घेतलं. पाणी मध्यम होतं, पडवीखालचा अंधार अर्धा बुडाला होता. भिंगरी त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर उभी. पितळी शिट्टी तिच्या खांद्यावर, उन्हात चमकत होती. आणि त्याच्या पायांखालून, खडकातून, तोच फाटका आवाज आला. तीनदा. ह्या वेळी त्यात घाई होती.

थांब्यानं पुन्हा उत्तर दिलं. काय करणार? सवय कुणाला सुटली आहे?

भिंगरी दचकली. "काका! कानठळ्या बसल्या ना! कुणाला वाजवताय?"

"तुला काही ऐकू आलं?"

"तुमची शिट्टी आली की ऐकू! बहिरी होईन मी एखाद्या दिवशी."

"तपासत होतो," थांब्या म्हणाला, "घळीत आवाज कुठपर्यंत जातो ते."

तिला ते पटलं. तिनं तेवढ्यात पलीकडच्या कड्यावर दोर घेऊन माणूस उभा करायची जागाही शोधली आणि खुशीत घरी आली. थांब्यानं मात्र त्या दिवशी ताट तसंच बाजूला सारलं. काकूनं एकदा ताटाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि म्हणाली, "ओका काय ते." मग त्यानं सगळं सांगितलं. काकू एरवी असल्या गोष्टींवर फिस्सकन हसली असती. ती हसली नाही.

"तिसऱ्यांदा जाऊच नका," ती म्हणाली. "आणि पोरीला सांगा, नको म्हणून."

पण तीनदा म्हणजे तीनदा. तिसऱ्या खेपेला गाडीचा ड्रायव्हर बरोबर होता. हा ड्रायव्हर गडी रगेल, भुताला उधार मागेल असा, तोसुद्धा घशाच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "मी गाडीपाशीच बसतो, टायरकडे लक्ष ठेवायला हवं." थांब्या एकटाच पुढे गेला. पाणी चढलेलं होतं, पडवीचं पोट पार बुडालं होतं, वर फक्त छप्पर. शिट्टी आली ती दमलेली. तिसरा सूर अर्धाच वाजला. थांब्याला राहवेना. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्यानं छाती फुटेस्तोवर उत्तर दिलं, आणि मग मोठ्यानं ओरडला, "आलो ग, पोरी!" कुणाला ओरडलो हे त्याचं त्यालाच कळेना.

त्या दिवशी त्यानं भिंगरीला सांगितलं, "नको जाऊस."

"का?"

"नको."

"काका, कारण सांगा. पाणी जास्त आहे? माणसं कमी आहेत? वाट चुकली आहे? सांगा, मी बदलते."

कारण असं त्याच्याजवळ काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तोंडातून बाहेर पडण्यासारखं नव्हतं. खरी गोम पुढेच होती. ह्या माणसानं आयुष्यभर इतक्यांदा "नको" म्हटलं होतं, की ह्या खऱ्या "नको"ला काही वजनच उरलं नव्हतं. रोज मरे त्याला कोण रडे! भिंगरी हसली, मग चिडली, मग रडकुंडीला आली. "तुम्ही मला सगळं शिकवलंत, आणि आता काठावरच बसवणार?"

शेवटी त्यानं एकच अट घातली. दोर घेऊन पडवीवर तो स्वतः उभा राहणार. गुडघा गेला खड्ड्यात.

ट्रिपच्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. पाहुणे हेल्मेट घालून एकमेकांचे फोटो काढत होते. थांब्या पडवीच्या माथ्यावर, कमरेला दोरीची थैली, दातांत नारिंगी शिट्टी. राफ्ट वळणावर दिसली. भिंगरी मागे बसून वल्हं दाबत होती आणि तिनं काकाला बघून एक हात वरही केला. वाट अगदी बरोबर धरली होती तिनं, हे मी पोरीच्या बाजूनं सांगतो. पण पाण्यानं मधेच एक ढुशी दिली, राफ्टची एक बाजू उचलली गेली, आणि सगळं उलटं झालं.

सहाच्या सहा पाहुणे खालच्या संथ पाण्यात बुचांसारखे वर आले. मदतीला छोटी कयाक होडी घेऊन तिथं थांबलेल्या कयाकवाल्यानं आणि पलीकडच्या दोरवाल्यानं त्यांना एकेक करून काठाला ओढलं. राफ्टही आली. भिंगरी आली नाही.

खाली आरडाओरडा सुरू झाला. सगळे संथ पाण्यात शोधायला लागले, कारण नदी माणसाला तिथंच आणून टाकते. कयाकवाल्यानं वर बघून हातानं खुणा केल्या, खाली या, खाली या. थांब्या हलला नाही. तो तीन शिट्ट्यांची वाट बघत होता. त्याच त्या फाटक्या, ज्या त्यानं तीन खेपा ऐकल्या होत्या. आणि त्या येईनात. ज्या दिवशी यायला हव्यात नेमक्या त्याच दिवशी खडक मुका! नारिंगी शिट्टी त्याच्या दातांत होती, पण वाजवणार कशाला? हाकच नव्हती.

मग तो वाट बघायचं सोडून देऊन पोटावर आडवा झाला. आवाज कुठून आला होता ते त्याला ठाऊक होतं. तिन्ही खेपेला तो एकाच जागेतून आला होता, डाव्या कोपऱ्यातून, जिथं छप्पर पाण्याला टेकतं. त्यानं थैली तिथं सोडली. पाण्यानं ती गिळली. दोर सुटत गेला, सुटत गेला, आणि थांबला. थांब्यानं दोर कमरेला गुंडाळून नुसता धरून ठेवला. दूध उतू जाऊन गॅस विझावा इतका वेळ तो तसा होता. मग दोराला हिसका बसला. ड्रायव्हर धावत आला, त्यानं थांब्याला कमरेला धरलं, आणि दोघांनी ओढलं.

भिंगरी बाहेर आली तेव्हा ओठ जांभळे, पण डोळे उघडे. आधी पाणी ओकली, मग काकाच्या गळ्यात पडली. थांब्या ढसाढसा रडला. लोकांदेखत रडला आणि नाक शर्टाला पुसलं.

घरी काकूनं तिला दोन पांघरुणांत गुंडाळून चुलीजवळ बसवलं, तेव्हा ती बोलायला लागली. आत छपराखाली ओंजळभर हवा होती म्हणे. तोंड वर करून तेवढं नाक बाहेर. मिट्ट काळोख, वर कुठलं, खाली कुठलं कळेना. "पण काका, मी घाबरले नाही. शिट्टी वाजवली आणि लगेच तुमचं उत्तर आलं. पुन्हा वाजवली, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा तर तुम्ही ओरडलातसुद्धा, आलो ग पोरी म्हणून. मग माझा दम संपायला आला. चौथ्यांदा कशीबशी वाजवली. ते उत्तर अगदी कानाशी आलं. त्याच बाजूला हात घातला आणि दोर हाताला लागला. चौथं आलं नसतं ना, तर मी सोडून दिलं असतं."

काकूनं थांब्याकडे बघितलं. थांब्या म्हणाला, "हं."

त्यानं त्या दिवशी एकदाही शिट्टी वाजवली नव्हती. आणि त्याआधी वाजवली होती ती तीनदा.

पुढचे काही आठवडे त्या घरात कसे गेले ते काकूला विचारा. भिंगरी वरवर पहिल्यासारखीच होती. खायची, भांडायची, ड्रायव्हरची टिंगल करायची. पण बोलता बोलता मधेच थांबायची आणि मान तिरकी करून काहीतरी ऐकत राहायची. तिचे हात भर उन्हातही गार लागायचे. आणि तिचं जॅकेट वाळेना. रोज सकाळी त्या खिळ्याखाली पाण्याचं थारोळं. काकूनं पिळलं, उन्हात टाकलं, चुलीशी धरलं, तरी सकाळी पुन्हा थारोळं. ड्रायव्हर म्हणाला, "ह्याच्यात विहीर काढली की काय?"

एक दिवस जेवताना भिंगरीचा घास हातातच राहिला. "काका," ती म्हणाली, "वेड्यासारखं बोलते, रागावू नका. कधी कधी वाटतं, मी अजून तिथंच आहे. हे सगळं आपलं नुसतं भासतंय मला."

"जेव मुकाट्यानं," थांब्या म्हणाला. पण त्याला ते कळून चुकलं होतं. पोरगी समोर बसून वरण ओरपत होती, आणि तिकडे खडकाखाली तीच पोरगी नाकापुरत्या हवेत त्याच्या उत्तराची वाट बघत होती. एक उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते दिलं नाही तर समोरची ही राहील की जाईल, ह्याचा विचार करायची त्याची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं गुडघ्याला पट्टा बांधला. काकू दारात उभी होती. तिनं अडवलं नाही. खिळ्यावरची नारिंगी शिट्टी काढून तिनंच त्याच्या गळ्यात घातली. "देऊन या," एवढंच म्हणाली.

तो दिवसभर पडवीवर बसला. काही आलं नाही. दुपारी त्याला वाटलं, आपणच वाजवून मोकळं व्हावं. पण हाकेवाचून उत्तर द्यायचं नसतं, आणि चुकीच्या वेळी दिलं तर अंधारात कुठं जाऊन पडेल कुणास ठाऊक. लोकांना जन्मभर थांबा थांबा म्हणणारा तो माणूस, आता स्वतः थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही.

उन्हं कलायला लागली तेव्हा ती आली. पहिली शिट्टी म्हणजे नुसता श्वास. दुसरी त्याहून बारीक. तिसरी त्यानं ऐकली की आली असं नुसतं मनानं धरलं, ते त्यालाही सांगता यायचं नाही. तो पोटावर आडवा झाला, डाव्या कोपऱ्यावर तोंड नेलं, आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा दम त्या शिट्टीत घातला. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी सोडली नाही.

त्यानंतर खडकाखाली नुसतं पाणी होतं.

तो घरी आला तेव्हा भिंगरी शेडमधूनच ओरडली, "काकू, एकदाचं वाळलं ग जॅकेट!" थांब्यानं तिचा हात हातात घेऊन बघितला. ऊबदार होता. "काय हो हे, नाडी बघताय?" ती म्हणाली. त्यानं शिट्टी काढून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. नदीवर जायचं त्यानं सोडलं. काकूला भाजी निवडून द्यायला लागला, आणि तीही वाईट निवडायचा.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या मोसमात भिंगरी नवा बेत आखायला एकटीच घशात गेली. पहिली खेप, पाणी उतरलेलं. दुपारी ती घरी आली, हेल्मेट फेकलं, माठातलं पाणी गटगट प्यायली. थांब्या शेंगा सोलत बसला होता.

"काय हो काका, गुडघा दुखतो म्हणता आणि माझ्या मागे मागे येता? समोर का नाही आलात?"

"मी? मी सकाळपासून इथंच आहे. विचार काकूला."

"मग तुमची ती नारिंगी चिरकी कोण वाजवत होतं? पडवीच्या खालच्या वळणावर. चांगली तीनदा. ती ओळखायला मला चुकायचं नाही." तिनं तोंड पुसलं. "मी आपलं उत्तर दिलं आणि खाली जाऊन बघितलं. कुणीच नव्हतं."

थांब्यानं दाराकडे बघितलं. शिट्टी खिळ्यालाच होती. तिच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबला आणि फरशीवर पडला.

भीती वाटली त्याला, खोटं कशाला सांगू. पण भीतीच्या खाली आणखीही काहीतरी होतं, आणि ते गार नव्हतं. त्यानं हातातली शेंग सोलून दाणे वाडग्यात टाकले.

"उत्तर दिलंस ना?"

"म्हणजे काय! दिलंच."

"बरं केलंस, पोरी," थांब्या म्हणाला. "पुन्हा ऐकू आलं, तरी देत जा."